सत्त्याण्णव टक्के आणि रात्रपाळी

मार्चमध्ये गुणवत्ता समितीची बैठक होती. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या पुनर्मूल्यांकनाची तयारी चालू होती, त्यामुळे ट्रस्टींसकट सगळे विभागप्रमुख हजर होते. माझी पाळी आल्यावर मी पडद्यावर एकच तक्ता लावला. आयटी सपोर्टची ९७ टक्के तिकिटं, म्हणजे आमच्याकडे नोंदवलेल्या तक्रारी, ठरलेल्या वेळेत बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेट्रन मॅडम तेवढ्या तक्त्याकडे बघत राहिल्या. चहा आला तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, एक रात्र आमच्या वॉर्डात येऊन बसाल का?"

त्यांनी भर बैठकीत विचारलं असतं तर मी आणखी चार आकडे पुढे केले असते आणि विषय तिथेच मिटला असता. त्यांनी मला तशी संधी दिली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आमचं रुग्णालय पश्चिम महाराष्ट्रातलं, ट्रस्टचं, साडेतीनशे खाटांचं. संगणक, प्रिंटर, स्कॅनर असं सगळं धरून नऊशेच्या आसपास नग. ते चालते ठेवायला माझ्याकडे सात जण. पाच बाहेरच्या कंपनीने नेमून दिलेले, दोन आमचे स्वतःचे. रात्री त्यातला एकच जण.

त्याच आठवड्यात मी मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीला जाऊन बसले. अडीच वाजता एका रुग्णाचं रक्त काढायचं होतं. सिस्टरांनी संगणकावर तपासण्या टाकल्या, लेबल प्रिंटरने एक लेबल बाहेर ढकललं. ५० बाय २५ मिलिमीटरची ती चिठ्ठी. तिच्यावरचा बारकोड खाली सरकला होता. अर्धा या लेबलवर, अर्धा पुढच्या. वर जिथे रुग्णाचं नाव हवं तिथे आधीच्या लेबलची शेवटची ओळ आली होती. सिस्टरांनी ते काढलं, ट्रेच्या कडेला चिकटवलं. तिथे आधीची पंधरा-वीस लेबलं एकावर एक बसलेली होती. मग खिशातून काळा मार्कर काढला, साधी पांढरी पट्टी घेतली आणि जांभळ्या झाकणाच्या ट्यूबवर हाताने नाव, बेड नंबर आणि नोंदणी क्रमांक लिहिला. इतक्या सराईतपणे, की प्रिंटर असाच वापरायचा असतो असं वाटावं. त्या रात्री त्या वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते.

"सिस्टर, तक्रार नाही केली?"

"केली होती ना मॅडम. पहिल्यांदा केली, दुसऱ्यांदा केली. सकाळी मुलं येतात, बंद करून चालू करतात, एक कोरं लेबल काढून बघतात, जातात. आम्ही घरी गेलेलो असतो. आता तिकीट टाकायचं म्हणजे लॉगिन आलं, त्याचा पासवर्ड आला, इंग्रजीतले सगळे रकाने भरायचे. तेवढ्यात माझ्या तीन ट्यूब लिहून होतात."

सकाळी ऑफिसात येऊन त्या एका प्रिंटरची सहा महिन्यांची तिकिटं उघडली. अकरा होती. अकराच्या अकरा वेळेत बंद. शेरे असे: 'रीस्टार्ट केला, ओके', 'यूजर नॉट अव्हेलेबल', 'तपासलं, चालू आहे'. आमच्या नोंदीत जो अकरा वेळा दुरुस्त झाला, तो सहा महिने सलग नादुरुस्त होता. माझ्या ९७ टक्क्यांमध्ये ती अकराही तिकिटं होती.

आमच्या क्षेत्रात अशा अहवालाला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, आतून लाल. हा शब्द मी प्रशिक्षणात ऐकला होता, इतरांच्या बाबतीत वापरलाही होता.

त्यानंतर मी संचालकांकडे तीन महिने मागितले. नवीन सॉफ्टवेअर घेऊ, म्हणजे सगळं सुधारेल, असं एक मत होतं. मी नको म्हटलं. आधी नेमकं काय बिघडलंय ते कळू दे.

सुरुवात तिकिटांपासून केली. सहा महिन्यांतली सगळी वाचणं शक्य नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ३०० निवडली आणि आमच्यातल्या एका मुलाला सोबत घेऊन एकेक वाचून काढली. दोन आठवडे लागले. कुणाला सपोर्टची गुणवत्ता तपासायची असेल तर माझा आग्रह राहील की डॅशबोर्ड बाजूला ठेवा आणि तिकिटांचा मजकूर वाचा. आकड्यात दडलेलं शेऱ्यात उघडं पडतं. 'यूजर नॉट अव्हेलेबल' असं लिहून बंद केलेल्या तिकिटांचा वेगळा गठ्ठा केला, तेव्हा त्यातली बहुतेक रात्रपाळीच्या लोकांची निघाली. इंजिनिअर सकाळी दहाला जाणार आणि तक्रार करणारी सिस्टर आठला घरी गेलेली, मग ती सापडणार कशी? शिवाय 'यूजरची वाट पाहत आहे' असा शेरा टाकला की आमच्या प्रणालीतलं घड्याळ थांबायचं. दोन दिवस रखडलेलं कामही त्यामुळे चाळीस मिनिटांत झाल्यासारखं दिसायचं.

दुसरं काम म्हणजे लोकांना विचारणं. सेवेची गुणवत्ता मोजायला सर्व्हक्वाल नावाची एक जुनी प्रश्नावली आहे. परशुरामन, झीथमल आणि बेरी या तिघांनी १९८८ साली ती मांडली. बँका, क्रेडिट कार्ड, दूरध्वनी आणि दुरुस्ती-देखभाल या सेवांच्या ग्राहकांवर त्यांनी ती तपासली होती. तिच्यात २२ विधानं आहेत आणि प्रत्येकाला दोनदा गुण द्यायचे असतात, तुमची अपेक्षा किती आणि प्रत्यक्षात मिळतं किती. ती विधानं पाच गोष्टींभोवती फिरतात. डोळ्यांना दिसणारी साधनं, भरवसा, तत्परता, समोरच्याला कामातलं कळतं ही खात्री, आणि आपुलकी.

पहिलं मराठी भाषांतर मीच केलं आणि ते वाया गेलं. 'प्रतिसादक्षमता' वाचून बिलिंगमधल्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे नेटच्या स्पीडबद्दल आहे का?" मग मेट्रन मॅडम, फार्मसीतले एक काका आणि मी असे तिघे बसलो आणि रोजच्या बोलण्यातली वाक्यं केली. 'फोन केला की माणूस पूर्ण ऐकून घेतो.' 'काम कधी होईल ते मला सांगतात.' 'एकदा दुरुस्त केलेलं पुन्हा तसंच बिघडत नाही.' 'मला न समजणाऱ्या शब्दांत बोलत नाहीत.' २२ ची १२ झाली. अपेक्षेचा रकाना आम्ही पहिल्या दिवशीच काढून टाकला, कारण सगळ्यांनी त्यात सातपैकी सात लिहिले होते. अपेक्षा कोण कमी ठेवणार? १९९२ मध्ये क्रोनिन आणि टेलर यांनीही हाच मुद्दा मांडला होता, की प्रत्यक्षात काय मिळतं तेवढं मोजलं तरी पुरतं. ते तेव्हा मला नीट पटलं.

कागदावर नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. फक्त विभाग आणि पाळी. पेट्या हजेरीच्या टेबलाजवळ ठेवल्या. ईमेलवरून फॉर्म पाठवला असता तर ज्यांना रोज ईमेल बघायला वेळ मिळतो त्यांचीच उत्तरं आली असती.

सगळ्यांची मिळून सरासरी चांगली होती आणि तिथेच मी थांबले असते तर पुन्हा फसले असते. पाळीनुसार कागद वेगळे केले तेव्हा दोन रुग्णालयं दिसली. प्रशासन, लेखा, दिवसाची ओपीडी या मंडळींनी भरभरून गुण दिले होते. रात्रपाळी, कॅज्युअल्टी आणि लॅब यांचे कागद वाचवत नव्हते. आणि सगळ्यात कमी गुण वेगाला असतील हा माझा अंदाज चुकला. ते पडले होते 'काम कधी होईल ते मला सांगतात' या वाक्याला. एका कागदाच्या मागे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'उशीर झाला तरी चालेल, पण येणार नसाल तर तसं सांगा. मग आम्ही आमची सोय करू.' तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

हे सगळं टीमसमोर ठेवलं तो दिवस कठीण गेला. मुलं दुखावली. त्यातला एक जण, जो पावसाळ्यात तळमजल्यातलं पाणी उपसत सर्व्हर रूमच्या दारात रात्रभर उभा राहिला होता, तो म्हणाला, "मॅडम, आम्ही काम करत नाही असं लोक म्हणतात का?" कुणी तसं म्हटलेलं नव्हतं. पण त्याचं दुःख खरं होतं आणि मला त्याचं उत्तर शोधायचं होतं. ते बाहेरच्या कंपनीबरोबरच्या करारात सापडलं. वेळेत बंद झालेल्या तिकिटांचं प्रमाण ९५ टक्क्यांखाली गेलं की कंपनीच्या बिलातून कपात. कंपनी ती मुलांच्या प्रोत्साहन रकमेतून वळती करायची. म्हणजे यंत्र दुरुस्त केल्याचा नव्हे, तिकीट बंद केल्याचा पगार आम्ही त्यांना देत होतो. त्या करारावर माझी सही आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना दाखवून दिलं होतं, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणाचा भार टाकला की तो आकडा भरवशाचा राहत नाही. बँकांबद्दलचं ते निरीक्षण आमच्या लेबल प्रिंटरपर्यंत लागू पडत होतं.

मग बदल सुरू केले. घड्याळ थांबवायची सोय काढून टाकली. तिकीट बंद करायचा अधिकार इंजिनिअरकडून काढून तक्रार करणाऱ्याकडे दिला. ती व्यक्ती पाळीवर नसेल तर त्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरकडे. सात दिवसांत तीच तक्रार परत आली तर जुनंच तिकीट पुन्हा उघडायचं, नवीन काढायचं नाही. तक्रार फोनवर मराठीत सांगायची, रकाने आमचा माणूस भरेल. प्रत्येक यंत्रावर मोठ्या अक्षरात नंबराचं स्टिकर लावलं, म्हणजे 'खिडकीजवळचा दुसरा प्रिंटर' असं शोधत फिरायला नको. कराराची कलमं बदलायला मात्र तीन महिने गेले. कपात आता पुन्हा उघडलेल्या तिकिटांवर ठरते.

प्राधान्यक्रम ठरवताना वाद झाला. तोवर आमच्याकडे कुणाचा फोन आहे यावर क्रम ठरायचा. वरच्या मजल्यावरच्या केबिनमधला लॅपटॉप सगळ्यात आधी. आम्ही किती जणांचं काम अडतं आणि किती वेळ थांबता येईल या दोन प्रश्नांवर तक्ता केला. कॅज्युअल्टी, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी आणि लॅब पहिल्या ओळीत. तक्ता मंजूर करून घेताना एका वरिष्ठांनी विचारलं, "म्हणजे माझा लॅपटॉप चौथ्या ओळीत?" मी हो म्हटलं. त्यांनी क्षणभर बघितलं आणि सही केली. नंतर अडचण आली की ते स्वतः म्हणायचे, माझं थांबू दे, कॅज्युअल्टीत बघून या. हा तक्ता टिकला तो त्यांच्यामुळे.

आता त्या प्रिंटरबद्दल. आयटीआयएल या आयटी सेवा व्यवस्थापनाच्या पद्धतीची परीक्षा देताना 'इन्सिडेंट' आणि 'प्रॉब्लेम' यांतला फरक पाठ करावा लागतो. काम अडलं ते इन्सिडेंट, पुन्हा पुन्हा अडण्यामागचं मूळ कारण म्हणजे प्रॉब्लेम. आम्ही अकरा वेळा इन्सिडेंट बंद केला आणि प्रॉब्लेमला हात लावला नव्हता. या वेळी एका मुलाला सांगितलं, की तुझ्याकडे दुसरं काही काम नाही, लेबल का सरकतं ते शोध. त्याने चार वॉर्डांतले रोल गोळा करून टेबलावर मांडले आणि पट्टीने मोजले. दोन लेबलांमधली मोकळी जागा काही रोलमध्ये २ मिलिमीटर होती, काहींत ३. प्रिंटरमधला सेन्सर त्या मोकळ्या जागेवरूनच ओळखतो की एक लेबल संपलं, दुसरं सुरू झालं. खरेदी विभागाने मध्ये पुरवठादार बदलला होता, त्यामुळे दोन जातींचे रोल भांडारात एकत्र पडले होते. रोलची जात बदलली की सेन्सरला नव्याने माप शिकवावं लागतं. नुसतं बंद करून चालू केल्याने आमच्याकडच्या प्रिंटरना ते समजत नव्हतं. सकाळी मुलं एक कोरं लेबल काढून बघायची तेव्हा ते नीट बाहेर यायचं, कारण कोऱ्या लेबलवर मजकूर सरकला हे दिसणार कसं?

उपाय दोन पातळ्यांवर केला. खरेदीच्या मागणीपत्रात लेबलच्या लांबी-रुंदीबरोबर मधल्या जागेचं मापही छापलं. आणि प्रत्येक प्रिंटरवर चित्रांचं एक कार्ड चिकटवलं. प्रिंटर बंद करा, फीडचं बटण दाबून धरा, दाबलेलं असतानाच चालू करा, दिवा लुकलुकला की बोट काढा. कार्ड करताना एका मावशींना वाचायला दिलं. त्यांनी चित्रं बघून पहिल्याच प्रयत्नात माप शिकवून दाखवलं, तेव्हाच ते छापायला पाठवलं.

डिस्चार्जच्या वेळी संगणक मंदावतो ही दुसरी जुनी तक्रार. आम्ही कायम नेटवर्ककडे बोट दाखवत आलो होतो. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआयने २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेस रुग्णाच्या डिस्चार्जला विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी असं ठरवून दिलं आहे. पण ते घड्याळ आमचे कागद तिकडे पोचल्यावर सुरू होतं आणि कागद आमच्याच बिलिंग काउंटरवर अडकत होते. रुग्ण कपडे बदलून बसलेला, बाहेर रिक्षा थांबलेली, नातेवाईक काउंटरसमोर उभे. तीन दिवस सकाळी अकरा ते एक मी त्या काउंटरच्या आत बसले. बरोबर अकराला पडदा गोठायचा. शोधल्यावर कळलं, लेखा विभागाचा वर्षभराचा एक जडशीळ अहवाल रोज अकराला आपोआप सुरू व्हायचा. कुणीतरी कधीतरी ती वेळ लावून ठेवली होती. ती पहाटे चारवर नेली. नेटवर्कची एक तारही बदलावी लागली नाही.

पासवर्डचंही थोडं सांगते. सोमवारचे निम्मे फोन 'लॉक झालं' असे असायचे, कारण आम्ही दर ४५ दिवसांनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावत होतो. परिणाम असा, की वॉर्डात एकच पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आणि सगळे त्यावरच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, गळती झाल्याचा पुरावा असेल तरच बदला, असं म्हटलं आहे. आम्ही मुदत काढली, लांबी वाढवली, आणि कॅलेंडरामागचे कागद मेट्रन मॅडमनी स्वतः फिरून काढले.

नव्या पद्धतीचा पहिला पूर्ण महिना संपला आणि आकडा आला ७१ टक्के. तिकिटांची संख्याही जवळजवळ दीडपट झाली होती. मी तोच तक्ता त्याच पडद्यावर लावला. खोलीत शांतता होती. एका ट्रस्टींनी विचारलं, "तीन महिने काम करून २६ टक्के घसरण?" मी सांगितलं, की ही घसरण नाही. ९७ हा आकडा तेव्हाही खरा नव्हता. तिकिटं वाढली, कारण जे बोलायचं थांबले होते ते पुन्हा बोलायला लागले. मग मी बारकोड सरकलेलं ते लेबल प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलावर फिरवलं. वैद्यकीय संचालकांनी ते बराच वेळ हातात धरलं. ते पॅथॉलॉजीचे डॉक्टर. चुकीच्या ट्यूबचा अर्थ त्यांना समजावून सांगावा लागत नाही. ते म्हणाले, "७१ च लिहा. आणि दर महिन्याला पाळीनुसार वेगळं दाखवा."

आता सकाळी पावणेआठला, पाळी बदलायच्या वेळी, आमच्यातला एक जण वॉर्डांमधून राउंड घेतो. रात्रीच्या सिस्टर निघायच्या आत त्यांच्याकडून तोंडी ऐकतो, आणि जे आज होणार नाही ते 'आज होणार नाही, उद्या दुपारी' असं तिथेच सांगतो. पहिल्या आठवड्यात मुलं संकोचत होती. मग एका मुलाला एका सिस्टरनी डब्यातली शंकरपाळी दिली आणि तो राउंड मला द्या म्हणायला लागला.

सहा महिन्यांनी तीच बारा वाक्यं पुन्हा पेट्यांमधून फिरवली. 'काम कधी होईल ते मला सांगतात' याचे गुण रात्रपाळीतही वर आले. 'एकदा दुरुस्त केलेलं पुन्हा तसंच बिघडत नाही' याचे थोडेच वर आले, आणि ते बरोबरही आहे. जुने संगणक आहेत तेच आहेत. एक्स-रे विभागाचं सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी फोन घेते, तिकीट नंबर देते आणि चार दिवस गप्प बसते. त्यांच्याबरोबरचा करार पुढच्या वर्षी संपतो. नव्या करारात कोणती कलमं हवीत त्याची यादी मी आत्तापासून लिहून ठेवते आहे.

दर शुक्रवारी दुपारी मी ३० तिकिटं काढून वाचते. गेल्या शुक्रवारी त्यात मेडिसिन वॉर्डाचं एक होतं, पहाटे ३:१० चं. 'लेबल सरकलं होतं. कार्ड बघून मीच नीट केलं. फक्त नोंद व्हावी म्हणून फोन केला. नवीन रोल कुठल्या पेटीतून आला ते बघा.' त्याच दुपारी भांडारात जाऊन बघितलं. ३ मिलिमीटरच्या जुन्या रोलची एक पेटी मागच्या फळीवर राहून गेली होती.

रात्रीसाठी दुसरा इंजिनिअर अजून मंजूर झालेला नाही. तो विषय येत्या बैठकीत आहे. मेट्रन मॅडमना मी विचारलं आहे, या वेळी तक्ता त्या मांडतील का.